चौतीस तोळ्यांची लाथ

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. सुरुवातीलाच एक विनंती. दादा, तू हे वाचशीलच, पण आईला वाचून दाखवू नकोस. तिला वाटतं की आपला धाकटा ह्यूस्टनमध्ये पंपांची डिझाइनं करतो आणि शनिवारी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला जातो. दोन्ही खरं आहे. पण गेली काही वर्षं महिन्यातला एक शनिवार मी वेगळ्याच ठिकाणी जातो, आणि आज त्याबद्दलच लिहायचंय.

तर झालं असं. २०१९ च्या हिवाळ्यात एका सकाळी बायको रात्रपाळी करून घरी आली. ती हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. पोहे परतता परतता तिने सांगितलं, की पार्किंगमध्ये एक माणूस तिच्यामागून गाडीपर्यंत आला, काचेवर दोनदा टकटक केली, काहीतरी बडबडला आणि निघून गेला. बस्स, एवढंच. तिने सांगितलं, पोहे खाल्ले आणि झोपली. पंधरा दिवसांत ती विसरूनही गेली. मी नाही विसरलो. तिची रात्रपाळी असली की मी तीनला जागा, चारला जागा. सकाळी गॅरेजचं दार वाजेपर्यंत कान तिकडेच.

टेक्ससमध्ये राहून अशा काळजीवर जो उपाय माणसाला पहिला सुचतो, तो मला सुचला. बायकोला विचारलंसुद्धा नाही. दुकानात गेलो. विक्रेत्याने काउंटरवर दोन रिव्हॉल्व्हरं ठेवली. दोन्ही पाच गोळ्यांची, जेमतेम दोन इंच नळीची, दोन्ही .३५७ मॅग्नम. एक स्टीलचं, साधारण सातशे ग्रॅमचं. दुसरं उचललं आणि मला हसूच आलं. आत काही आहे की नाही असं वाटावं इतकं हलकं. साधारण ३४० ग्रॅम. सराफाच्या हिशेबाने चौतीस तोळे! पर्समध्ये टाकलं तर कळणारही नाही. आणि तरी गोळी तीच, मॅग्नम. हलकं म्हणजे ती जवळ बाळगेल, मॅग्नम म्हणजे कामाला येईल. दोन्ही एकत्र मिळतंय तर का सोडा? किंमत स्टीलवाल्यापेक्षा बरीच जास्त होती. मी कार्ड काढलं.

इंजिनिअर असून मी तिथे न्यूटनला विसरलो, ही माझी पहिली चूक. दुसरी चूक त्याच रविवारी केली.

आधी त्या धातूबद्दल थोडं सांगतो, कारण ती गोष्ट खरंच गमतीची आहे. ह्या रिव्हॉल्व्हरचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, पण त्यात किंचित, अगदी टक्क्याच्याही अंशात, स्कँडियम मिसळलेलं असतं. तेवढ्यानेच अ‍ॅल्युमिनियमची ताकद वाढते. सिलिंडर टायटॅनियमचं. १८७१ साली मेंडेलीव्हने आवर्तसारणीतल्या रिकाम्या जागा पाहून काही मूलद्रव्यांची भाकितं केली, तेव्हा स्कँडियमच्या जागेला त्याने नाव दिलं होतं 'एका-बोरॉन'. ते 'एका' म्हणजे आपलं संस्कृत 'एक'. बोरॉनच्या पुढचं एक घर. १८७९ मध्ये स्वीडनच्या निल्सनने ते खरोखर शोधून काढलं आणि स्कँडिनेव्हियावरून त्याचं नाव ठेवलं. संस्कृत आकडा धारण केलेला हा धातू पुढे विमानांच्या मिश्रधातूंत गेला आणि तिथून माझ्या बायकोच्या पर्समध्ये येऊ घातला होता.

तर तो रविवार. रेंजवर गेलो. डोळ्यांना चष्मा, कानांवर मफ. मी एनसीसीतला जुना गडी. मिरजेजवळच्या कॅम्पमध्ये .३०३ चालवलेली. हवालदारसाहेबांनी शिकवलं होतं, दस्ता खांद्यात घट्ट रुतवून धर, सैल धरलास तर लाथ बसेल. त्या एका आठवणीच्या जोरावर मी स्वतःला जाणकार समजत होतो. ती रायफल चार किलोची होती आणि तिला अख्ख्या खांद्याचा आधार होता, हे सोयीस्करपणे विसरलो. खोक्यातली मॅग्नम काडतुसं भरली आणि पहिली गोळी बायकोलाच मारायला दिली. वाटलं, तिचंच आहे, तिनेच उद्घाटन करावं.

आवाज झाला, हातभर ज्वाळ दिसली, आणि रिव्हॉल्व्हर तिच्या हातातून जवळजवळ मागे उलटलं. तिने ते हळूच समोरच्या फळीवर ठेवलं, तोंड लक्ष्याकडेच ठेवून. तेवढं मी शिकवलं होतं. मग हात बघितला. सिलिंडर उघडायची खिट्टी अंगठ्याच्या पेरावर आपटून कातडी निघाली होती. अंगठा आणि तर्जनीच्या मधला भाग संध्याकाळपर्यंत सुजला. पुढचे दहा दिवस तिला औषधांच्या बाटल्यांची झाकणं उघडता येईनात. गाडीत ती फक्त एवढंच म्हणाली, "झालं समाधान?"

आता हिशेब. हा मी त्या रात्री कागदावर मांडला, जो दुकानात मांडायला हवा होता.

मॅग्नमची एक नेहमीची गोळी १२५ ग्रेनची, म्हणजे सुमारे आठ ग्रॅम. इतक्या आखूड नळीतून तिचा वेग सेकंदाला साधारण ३६५ मीटर. शिवाय जळालेल्या दारूचा वायू, जेमतेम एक ग्रॅम, पण गोळीच्या कितीतरी पट वेगाने बाहेर पडणारा. दोघांचा संवेग मिळून चारच्या आसपास येतो. जितका संवेग पुढे, तितकाच मागे. त्यातून सुटका नाही. पण मागे येणाऱ्या वस्तूची ऊर्जा तिच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. वजन निम्मं केलं की धक्क्याची ऊर्जा दुप्पट! सातशे ग्रॅमच्या स्टीलला ती सुमारे १२ ज्यूल येते, ३४० ग्रॅमवाल्याला जवळजवळ २५. म्हणजे एक किलो साखरेची पिशवी अडीच मीटर उंचीवरून सोडली तर जितकी ऊर्जा, तितकी. आणि ती पसरट तळहातावर नाही, अंगठ्याच्या बेचक्यातल्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर.

मुळात हे काडतूस असल्या खेळण्यासाठी जन्मलेलंच नाही. .३५७ मॅग्नम १९३५ साली स्मिथ अँड वेसनने आणली. त्याआधीच्या .३८ स्पेशलची पुंगळी सुमारे तीन मिलिमीटर लांब करून, ती जुन्या रिव्हॉल्व्हरात चुकूनही बसू नये म्हणून. आणि ज्या रिव्हॉल्व्हरसाठी ती केली ते एक किलोहून जड होतं. त्या वजनात धक्का सात-आठ ज्यूलच. लोकांनी पुढे काडतूस तेच ठेवलं आणि रिव्हॉल्व्हर मात्र एक तृतीयांश केलं. वर आखूड नळीत सगळी दारू जळतही नाही. उरलेली बाहेर जळते, तीच ती ज्वाळ. म्हणजे वेग कमी, आवाज जास्त आणि धक्का पुरेपूर. असा सगळा आतबट्ट्याचा व्यवहार.

बायकोच्या हाताची सूज उतरली. माझा त्रास मात्र तेव्हा सुरू झाला.

त्याच रविवारी तिला गाडीत बसवून मी परत आत गेलो होतो. का? तर सिद्ध करायला, की एवढं काही नाही. आणखी चोवीस मॅग्नम ओढल्या. तळहात बधिर झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण ओढल्या. (हे मी तिला बऱ्याच उशिरा सांगितलं. तिने ज्या नजरेने बघितलं तिचं वर्णन इथे नको.) त्यानंतर पुढचे काही महिने माझी एकही गोळी जागेवर लागेना. मॅग्नम सोडाच, रेंजवर भाड्याने मिळणाऱ्या .२२ च्या, जिला धक्का म्हणून नसतोच, तिच्याही गोळ्या खाली आणि डावीकडे.

त्या रेंजवर एक आजोबा शिकवायला असतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, बोलणं कमी. त्यांनी चार गोळ्या बघितल्या आणि म्हणाले, आण इकडे. पाठ करून सिलिंडर भरलं आणि माझ्या हातात दिलं. पाच घरांपैकी कुठल्या घरात खरं काडतूस आणि कुठल्यात नकली, ते मला माहीत नाही. मी चाप ओढला. नुसतं 'टक'. नकली होतं. पण रिव्हॉल्व्हरचं तोंड, कोंबडीने दाणा टिपावा तसं, झपकन खाली गेलं! धक्का नव्हताच. मी मात्र न आलेल्या धक्क्याला आधीच ढकलून बसलो होतो.

आजोबा म्हणाले, "गोळी निघून जाते तेव्हा तुझ्या हाताला अजून पत्ताही नसतो. धक्का तुझा नेम चुकवत नाही. धक्क्याची वाट बघणं चुकवतं."

गोळी नळीत असते ती जेमतेम एक हजारांश सेकंद. हाताला जे काही जाणवतं ते जवळजवळ सगळं त्यानंतरचं. म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आणि आपण आधी घाबरून ते बिघडवलेलं असतं. मी तीनला आणि चारला जागा राहणारा माणूस. मला ते वाक्य रेंजच्या बाहेरही बराच वेळ पुरलं.

मग शिकवणी सुरू झाली. कोणाला उपयोग होईल म्हणून थोडक्यात सांगतो, म्हणजे माझ्यासारखा अंगठा फोडून शिकायला नको.

पहिलं म्हणजे धरणं. मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर. नळी हाताच्या जितकी वर राहते तितकं तोंड जास्त उसळतं. दार बिजागरीजवळ ढकललं तर हलत नाही आणि कडेला ढकललं तर लगेच फिरतं, तोच न्याय. दुसरं, घट्ट. धक्क्यालाच मूठ घट्ट करू देऊ नका, आधीच करा. सैल मुठीत रिव्हॉल्व्हर आधी वेग घेतं आणि मग आपटतं. दुसऱ्या हाताची बोटं पहिल्या हाताच्या बोटांवर गच्च, आणि अंगठे खाली दुमडलेले, खिट्टीपासून लांब. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून गरम वायू बाजूला फुटतो, म्हणून कुठलंही बोट तिच्या पुढे जाता कामा नये. अंग थोडं पुढे झुकलेलं. कोपरं ताठ खिळलेली नाहीत, पण ढिलीही नाहीत.

तिसरं, मूठ बदला. ह्या रिव्हॉल्व्हरांना खिशात मावावी म्हणून चिमुकली मूठ देतात. करंगळी हवेत लोंबकळते आणि मागचा धातू उघडा असतो. मी मागची कड झाकणारी, तिन्ही बोटं मावणारी रबरी मूठ बसवली. निम्मा त्रास तिथेच गेला. अर्थात मग ते खिशात मावत नाही! प्रत्येक सोयीची अशी कुठेतरी वसुली होतेच.

चौथं, आवाज. आपण ज्याला धक्का म्हणून दचकतो त्यात अर्धा वाटा आवाजाचा असतो. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. मी एवढ्यानेच कितीतरी कमी दचकायला लागलो.

पाचवं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणजे मॅग्नम ओढायलाच पाहिजे असं नाही. ह्याच सिलिंडरात .३८ स्पेशल आरामात बसतं, आणि त्याचा धक्का मॅग्नमच्या निम्म्याहूनही कमी. आजोबांनी मला .२२ वर महिनाभर ठेवलं, मग जड रिव्हॉल्व्हरात .३८, मग माझ्यात .३८. प्रत्येक वेळी थोड्याच गोळ्या. हात दुखायला लागायच्या आधी थांबायचं. शूरपणा करून ओढलेली प्रत्येक गोळी, ते म्हणायचे, भीतीचाच सराव असते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हलकं रिव्हॉल्व्हर इतक्या जोरात मागे येतं की सिलिंडरातल्या न उडालेल्या काडतुसांची पुंगळी मागे जाते आणि गोळी जडत्वाने जागच्या जागीच राहते. म्हणजे ती पुंगळीतून पुढे सरकते. कुऱ्हाडीचा दांडा खालून ठोकला की पातं दांड्यावर सरकतं ना, तसंच. जास्त सरकली तर सिलिंडर फिरायचं थांबतं, आणि ते नेमकं नको तेव्हा. म्हणून नवीन प्रकारचं काडतूस आणलं की चार उडवायची आणि पाचवं काढून त्याची लांबी आधीशी ताडून बघायची. शिवाय टायटॅनियमच्या सिलिंडरात १२० ग्रेनपेक्षा हलक्या गोळीची मॅग्नम वापरू नये असं बजावलेलं असतं, कारण त्या जळत्या दारूने सिलिंडरचं तोंड झिजतं. सूचना वाचा. मी नंतर वाचल्या.

ह्या सगळ्यात वर्ष गेलं. मग एकदा बायकोच म्हणाली, चल, मी येते. मी काहीच सुचवलं नाही. एवढं शहाणपण आलं होतं. आजोबांनी तिला .२२ दिली, मग स्टीलचं जड रिव्हॉल्व्हर आणि साधी .३८. तिसऱ्या खेपेला तिच्या पाचही गोळ्या सात यार्डांवरून बशीएवढ्या वर्तुळात होत्या. माझ्यापेक्षा चांगल्या. चाप तर असा ओढते की जणू थेंब थेंब औषध मोजतेय. आजोबा खूश झाले. मी पण झालो, आणि लगेच म्हणालो, मग हे स्टीलचं घेऊया का तुला?

ती गाडी चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "हे बघ, हॉस्पिटलच्या दारावर पाटी आहे, आत नेता येत नाही. म्हणजे ते गाडीतच राहणार. मी गाडीपर्यंत कशी पोचते हाच तर प्रश्न आहे. त्या माणसानंतर मी आणि दोघी नर्सेस एकत्रच निघतो, नाहीतर गार्डला बोलावतो. तुला कधी विचारावंसं वाटलं नाही. ते तू माझ्यासाठी आणलंच नव्हतंस रे. तुझ्या झोपेसाठी आणलंस, आणि लागलं मात्र माझ्या हाताला."

हिरवा लागला. मागच्याने हॉर्न दिला.

मी तिला सॉरी म्हटलं, नीट, घरी आल्यावर. ते सॉरी वर्षभर राहिलं होतं. तिने हात पुढे केला. अंगठ्याच्या पेरावर बारीकसा पांढरा व्रण आहे, अजूनही. म्हणाली, "राहू दे, दागिना समज. चौतीस तोळ्यांचा आहे." आता सांगा, ह्या बाईपुढे काय बोलणार?

२०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं हलकं .३२ रिव्हॉल्व्हर काढलं, तेव्हा मी इथे बसून मोठ्या उत्साहाने मित्रांना त्याची बातमी पाठवली होती. पाचशे ग्रॅम, टायटॅनियम मिश्रधातू, वगैरे. बाईसाठी म्हणजे हलकं, हे मी तेव्हाही न तपासता मान्य केलं होतं. आता वाटतं, हलकं कुणासाठी? उचलणाऱ्यासाठी की ओढणाऱ्यासाठी? आणि त्याही आधी, तिला विचारलं होतं का?

ते चौतीस तोळे अजून घरात आहेत. मुलगा बारा वर्षांचा आहे, म्हणून कुलपाच्या पेटीत, काडतुसं वेगळ्या पेटीत, किल्ल्या आम्हा दोघांकडे. विकून टाकावं असं कधी कधी वाटतं. अजून विकलेलं नाही. महिन्यातून एका शनिवारी जातो, .३८ च्या वीस गोळ्या मारतो, शेवटी एकच मॅग्नम. ती कशासाठी, तर अजून दचकतो का ते बघायला. बहुतेक वेळा नाही. कधी कधी हो.

मधल्या दिवसांत घरी कोरडा सराव. काडतुसं दुसऱ्या खोलीत, सिलिंडर दोनदा तपासलेलं, आत नकली काडतुसं, समोर पुस्तकांनी भरलेलं जाड कपाट. नळीच्या वर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप शेवटपर्यंत ओढायचा. चाप लांब आणि जड असतो. सुरुवातीला नाणं दर वेळी पडायचं. आता दहातून आठदा राहतं.

अजून बायकोची रात्रपाळी असली की मी लवकर उठतो. फरक एवढाच, की तीनला नाही, सहाला. चहा टाकतो, पोहे भिजवतो. गॅरेजचं दार वाजलं की फोडणी.

असो. दादा, आईला खरंच नको सांगूस. विचारलंच तर सांग, नाटकाची तालीम जोरात चालू आहे.